या ऑब्जेक्टवर प्रेडिक्ट चालेल का? आरमधल्या तपासणीच्या पद्धती समोरासमोर

आर या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत दुसऱ्या कोणी बांधलेल्या मॉडेलवर चालणारं फंक्शन लिहायला घेतलं की एक प्रश्न लगेच उभा राहतो: हातात आलेल्या ऑब्जेक्टवर प्रेडिक्ट (मॉडेलकडून अंदाज काढणारं फंक्शन) चालणार आहे की नाही, हे आधी कसं कळणार? समोरचं मॉडेल साधं एलएम (रेषीय मॉडेल) असेल, के-मीन्स (गट पाडणारं) असेल किंवा कुठल्याशा पॅकेजातलं रँडम फॉरेस्ट असेल. तपासायच्या चार-पाच पद्धती आहेत आणि एकाच ऑब्जेक्टबद्दल त्या वेगवेगळं सांगतात. (फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना कॅपिटल अक्षरं सांभाळा, आर त्याबाबतीत खाष्ट आहे.)

क्लासचं नाव ताडून बघणं

ही पद्धत सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत आधी सोडावी अशीही हीच. क्लास (ऑब्जेक्टच्या प्रकाराचं नाव) काढायचा, तो "एलएम" आहे का बघायचं आणि तसा इफ लावायचा. अडचण अशी की क्लास म्हणजे एकच शब्द असेल याची खात्री नसते. जीएलएमचा (सामान्यीकृत रेषीय मॉडेलचा) क्लास "जीएलएम" आणि "एलएम" असा दोन शब्दांचा असतो. आर ४.०.० पासून मॅट्रिक्सचाही क्लास "मॅट्रिक्स" आणि "अ‍ॅरे" असा दुहेरी झाला. पूर्वी अशा वेळी इफ फक्त पहिली किंमत घ्यायचा आणि एक वॉर्निंग देऊन पुढे जायचा. ४.२.० पासून तो सरळ एरर देतो. जुनी स्क्रिप्ट नव्या आरवर अचानक कोसळली, तर आधी इथेच शोधा.

नाव ताडायचंच असेल तर इनहेरिट्स वापरा. त्याला क्लास कितीही शब्दांचा असला तरी चालतो, आणि एस४ (आरमधली क्लास बनवायची एक औपचारिक पद्धत) ऑब्जेक्ट असेल तर त्याचे वाडवडीलही तो विचारात घेतो. पण हे उत्तर "हा कोण आहे" या प्रश्नाचं झालं. "याला काय जमतं" हे त्यातून कळत नाही. तुम्हाला ठरावीक तीन-चारच मॉडेलं चालवायची असतील तर इनहेरिट्स पुरतं. कोणतंही मॉडेल यावं अशी इच्छा असेल तर नाही.

मेथडचा शोध घेणं

एस३ या आरमधल्या जुन्या, साध्या पद्धतीत मेथड म्हणजे जेनेरिकचं (प्रेडिक्टसारख्या, क्लास बघून काम योग्य मेथडकडे सोपवणाऱ्या फंक्शनाचं) नाव, टिंब आणि क्लासचं नाव जोडून तयार झालेलं साधं फंक्शन. म्हणून पुष्कळ जण दोन्ही नावं पेस्टने चिकटवतात आणि या नावाचं काही आहे का हे एक्झिस्ट्सला विचारतात. हे दोन्हीकडून फसतं. एनएलएससाठी (अरेषीय मॉडेलसाठी) प्रेडिक्टची मेथड आहे, पण स्टॅट्स पॅकेज ती बाहेर दाखवत नाही, फक्त आतल्या आत नोंदवून ठेवतं. त्यामुळे एक्झिस्ट्स "नाही" म्हणतो आणि प्रेडिक्ट मात्र व्यवस्थित चालतो. मेथड्स या फंक्शनला प्रेडिक्टची यादी मागितली तर अशा लपलेल्या मेथडांपुढे चांदणी दिसते. उलट बाजूने टी.टेस्ट घ्या. हे नाव ट्रान्सपोज करणाऱ्या टीची "टेस्ट" क्लाससाठीची मेथड असावी असं दिसतं, आणि एक्झिस्ट्स बिनदिक्कत "आहे" सांगतो.

गेट-एस३-मेथड या बाबतीत शहाणं आहे. ते नोंदवलेल्या मेथडांच्या तक्त्यातही बघतं आणि ऑप्शनल ट्रू ठेवलं तर न सापडल्यावर एरर न देता नल (रिकामी किंमत) परत करतं. त्याची एकच खोड आहे, ते दिलेल्या नेमक्या क्लासपुरतंच बघतं. एओव्ही (विचरण विश्लेषणाच्या) मॉडेलचा क्लास "एओव्ही" आणि "एलएम". प्रेडिक्टची वेगळी एओव्ही मेथड नाहीच, काम एलएमवाली करते. म्हणून फक्त पहिला शब्द दिला तर नल येतं आणि तुम्ही चांगलं मॉडेल परत पाठवता.

उपाय म्हणजे साखळी चालणं. क्लासचे सगळे शब्द क्रमाने घ्या, प्रत्येकासाठी गेट-एस३-मेथड विचारा, शेवटी "डिफॉल्ट" विचारा. क्लास अ‍ॅट्रिब्यूट नसलेल्या ऑब्जेक्टसाठी (साधा इंटिजर व्हेक्टर, मॅट्रिक्स) आर ज्या क्रमाने शोधतो तो क्रम डॉट-क्लास-टू या फंक्शनातून मिळतो. तेही ४.०.० पासूनच आहे. कन्सोलवर बसून नुसतं समजून घ्यायचं असेल तर स्लूप पॅकेजातलं एस३-डिस्पॅच वापरा. कोणकोणती मेथड तपासली गेली आणि शेवटी कोणती निवडली, हे ते बाण काढून दाखवतं. मला स्वतःला हे साखळी हाताने लिहिण्यापेक्षा कितीतरी आवडतं, पण पॅकेजच्या कोडात त्याचा उपयोग नाही.

एस४ ची दुनिया वेगळी आहे. तिथे एक्झिस्ट्स-मेथड नेमक्या क्लासपुरतं बघतं आणि हॅज-मेथड वारशाने आलेल्या मेथडाही धरतं. जवळपास नेहमी तुम्हाला दुसरंच हवं असतं. गोंधळ होतो तो सरमिसळीच्या ठिकाणी. एलएमई४ पॅकेजच्या एलमर (मिश्र परिणामांच्या) मॉडेलचा क्लास एस४ आहे, "एलमर-मॉड", आणि तो "मेर-मॉड"चं अपत्य. पण प्रेडिक्टची मेथड एस३ पद्धतीने "मेर-मॉड"साठी लिहिलेली आहे. म्हणजे हॅज-मेथडला विचाराल तर नाही, क्लासचं नाव देऊन गेट-एस३-मेथडला विचाराल तरीही नाही, आणि प्रेडिक्ट मात्र चालतं. ऑब्जेक्ट एस४ असेल तेव्हा साखळी इज या फंक्शनाकडून घ्या, ते वडिलांचंही नाव देतं.

या तीन ऑब्जेक्टवर प्रेडिक्टबद्दल प्रत्येक पद्धत काय म्हणते ते बघा. खरं उत्तर तिन्हींसाठी "चालतं" असं आहे.

| पद्धत | एओव्ही | एनएलएस | एलमर |
|---|---|---|---|
| नाव चिकटवून एक्झिस्ट्स | नाही | नाही | नाही |
| गेट-एस३-मेथड, क्लासचा पहिला शब्द | नाही | आहे | नाही |
| गेट-एस३-मेथड, पूर्ण साखळी | आहे | आहे | आहे |
| हॅज-मेथड | नाही | नाही | नाही |
| ट्राय-कॅचमध्ये (एरर झेलणाऱ्या रचनेत) चालवून बघणं | चालतं | चालतं | चालतं |

चालवून बघणं

तक्ता बघून वाटेल की ट्राय-कॅच लावावं आणि मोकळं व्हावं. बऱ्याचदा ते खरंही आहे, पण मेथड नसल्यामुळे आलेली एरर आणि मेथड असून आत काही बिघडल्यामुळे आलेली एरर, दोन्ही एकाच जाळ्यात अडकतात. एलएम मॉडेलला नवा डेटा दिला आणि त्यातल्या फॅक्टरमध्ये मॉडेलने कधी न पाहिलेली लेव्हल असली तर प्रेडिक्ट थांबतं. यात मॉडेलचा काही दोष नाही, पण तुमचं फंक्शन "या मॉडेलला प्रेडिक्ट जमत नाही" असं सांगून मोकळं होईल आणि वापरणारा भलत्याच ठिकाणी शोधत बसेल. एररचा मजकूर वाचून फरक करावा, तर जर्मन किंवा फ्रेंच भाषा लावलेल्या मशीनवर तो मजकूरच बदलतो.

म्हणून चालवायचं तर ज्या डेटावर मॉडेल बसवलं त्याच्याच एखाद्या ओळीवर चालवा. तिथे एरर आली तर दोष नव्या डेटाला देता येत नाही. मॉडेल जड असेल, एका अंदाजालाही वेळ लागत असेल, तर आधी साखळी आणि मग गरज पडली तरच चाचणी.

मेथड आहे, पण हाती काही नाही

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण इथे एरर येत नाही. के-मीन्सचा ऑब्जेक्ट घ्या. त्याला प्रेडिक्ट नाही आणि प्रेडिक्टला डिफॉल्टही नाही, त्यामुळे स्वच्छ एरर येते. आता त्याच ऑब्जेक्टवर रेसिड्युअल्स (खरी किंमत आणि अंदाज यांतला फरक देणारं फंक्शन) चालवा. रेसिड्युअल्सला डिफॉल्ट मेथड आहे. ती ऑब्जेक्टमधला रेसिड्युअल्स नावाचा भाग उचलते, आणि के-मीन्समध्ये असा भागच नसल्यामुळे नल परत करते. मॉडेलचे सहगुणक देणाऱ्या कोएफचंही तसंच. समरी चालवली तर लांबी, क्लास आणि मोडचा एक निरुपयोगी तक्ता येतो. साखळीने यातल्या प्रत्येकाला "आहे" म्हटलेलं असतं. म्हणून डिफॉल्टवर जाऊन सापडलेल्या मेथडला वेगळं मोजा. माझ्या मते तो होकार नव्हेच, फार तर "बघू" म्हणा.

एक पायरी पुढे गेलं की अर्ग्युमेंटचा प्रश्न. एलएमच्या प्रेडिक्टला इंटरव्हल (अंदाजाभोवतीचा विश्वासाचा पट्टा) मागितला की मिळतो. जीएलएमच्या प्रेडिक्टमध्ये इंटरव्हल नावाचं अर्ग्युमेंटच नाही. पण शेवटी तीन टिंबं असल्यामुळे तुमची मागणी त्यांत गुपचूप गडप होते आणि नुसते अंदाज परत येतात, तेही न सांगितल्यास लिंकच्या मापात, म्हणजे लॉजिस्टिकसाठी संभाव्यतेऐवजी लॉगिटमध्ये. इथपर्यंत फंक्शनाची अर्ग्युमेंटं सांगणारं फॉर्मल्स मदत करतं. सापडलेल्या मेथडच्या अर्ग्युमेंटांत इंटरव्हल आहे का, हे तपासता येतं. पण एनएलएस तिथेही हात दाखवतो. त्याच्या प्रेडिक्टमध्ये इंटरव्हल आहे, स्टँडर्ड एररचं अर्ग्युमेंटही आहे, आणि मदतपानावर स्पष्ट लिहिलंय की सध्या दोन्हींकडे दुर्लक्ष केलं जातं. मेथड सापडली, अर्ग्युमेंट सापडलं, आणि तरी विश्वासाचा पट्टा येत नाही. अशा वेळी परत आलेल्या वस्तूचा आकार तपासल्याशिवाय इलाज नाही. इंटरव्हल मागितला असेल तर तीन स्तंभांची मॅट्रिक्स आली का बघा.

सत्र बदललं की उत्तर बदलतं

रँडम फॉरेस्टचं मॉडेल आरडीएस (आरचा ऑब्जेक्ट साठवणाऱ्या) फाइलमध्ये जपून ठेवलं आणि सर्व्हरवर नव्या सत्रात उघडलं, तर ऑब्जेक्ट तोच, क्लास तोच, पण प्रेडिक्ट नाही. रँडमफॉरेस्ट पॅकेज लोड झाल्याशिवाय त्याच्या मेथडा नोंदवल्याच जात नाहीत, आणि एस३ चा क्लास आपण कुठल्या पॅकेजातून आलो हे सोबत नेत नाही. पॅकेज नुसतं लोड करणारं रिक्वायर-नेमस्पेस पुरेसं आहे, लायब्ररी लावायची गरज नाही. वरच्या कोणत्याही पद्धतीचा नकार मानण्याआधी हे एकदा करून बघायला हवं.

आर६ या आणखी एका पद्धतीच्या ऑब्जेक्टचं (एमएलआर३ पॅकेजचे लर्नर, म्हणजे मॉडेलं, असेच) काम सोपं आहे, कारण मेथड ऑब्जेक्टच्या आत असते आणि तिथे फंक्शन आहे का हे थेट विचारता येतं. पण शिकवलेला नसतानाही लर्नरकडे प्रेडिक्ट असतंच.

पायथन भाषेच्या सायकिट-लर्न या मॉडेलांच्या पॅकेजमध्येही अगदी हेच. हॅज-अ‍ॅट्रने विचारलं तर न शिकवलेल्या मॉडेलकडेही प्रेडिक्ट आहे, म्हणून चेक-इज-फिटेड वेगळं वापरावं लागतं. तिथली एक गोष्ट मात्र आरने घ्यावी अशी आहे. एसजीडी-क्लासिफायर या मॉडेलमध्ये लॉस (चूक मोजायचं सूत्र) हिंज असेल तर हॅज-अ‍ॅट्र संभाव्यतेच्या मेथडला "नाही" म्हणतो आणि लॉग-लॉस असेल तर "आहे" म्हणतो. मॉडेलच्या सेटिंगप्रमाणे उत्तर बदलतं, त्यामुळे ते खूपसं खरं असतं.

मग कोणती घ्यायची

एकदाच चालणारी स्क्रिप्ट असेल तर काही तपासू नका. एरर येऊ द्या, ती वाचा. फंक्शन चार लोक वापरणार असतील तर प्रशिक्षणाच्या डेटातल्या एका ओळीवर ट्राय-कॅच आणि आलेल्या वस्तूच्या आकाराची तपासणी. पॅकेज लिहीत असाल आणि मॉडेल कुठलं येईल याची कल्पना नसेल, तर आधी पूर्ण साखळी, डिफॉल्ट वेगळा धरून, आणि मग ती चाचणी. नकार द्यायची वेळ आली तर संदेशात क्लासचे सगळे शब्द छापा आणि ज्या पॅकेजात हे मॉडेल बनलं ते लोड करून बघा असं लिहा. रँडम फॉरेस्टची तक्रार घेऊन येणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढ्यानेच उत्तर मिळतं.