सतार शिकताना क्लास, गुरुजी आणि कॉलेज : इतक्या महिन्यांनंतरचा अनुभव

सुरुवात तुटलेल्या तारेपासूनच करतो. आधीच्या क्लासमध्ये होतो तेव्हाची गोष्ट, परीक्षा तोंडावर आणि सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची तार तुटली, क्लासमध्ये गेलो तर ऑफिसातून उत्तर मिळालं की तार बसवणारा माणूस शनिवारी येतो, तोवर थांबा, आणि त्याचे पैसे वेगळे. अहो, एक तार केवढ्याला येते! तीन-तीन महिन्यांची फी आगाऊ घेता आणि विद्यार्थ्याला तार चढवायला शिकवत नाही?

तिथले सर वाजवतात सुंदर, त्याबद्दल तक्रार नाही. पण सतारी आधीच सुरात लावून ठेवलेल्या असायच्या, आपण उचलायची आणि दा रा दा रा सुरू करायचं. तरफा, म्हणजे खालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, कायम यमन रागाला लावलेल्या, मग काफी राग घेतला तरी त्याच, काफीतला कोमल गंधार वाजवला की तरफांतून काही उत्तरच यायचं नाही. बॅचमधली बरीच मुलं दहावीच्या वाढीव गुणांसाठी आलेली, त्यांचा दोष नाही, पण सगळा वेळ परीक्षेच्या गती, म्हणजे ठरावीक रचना, घोकण्यात.

आता ज्या गुरुजींकडे जातो त्यांनी पहिल्याच दिवशी खुंट्या सैल केल्या आणि म्हणाले, सुरात लाव. बाजाची तार मध्यमाला, शेजारची जोडाची षड्जाला, शेजारी तंबोरा चालू. सुरुवातीचे कितीतरी तास यातच गेले, राग यायचा, फी यासाठी देतोय का असं वाटायचं. ते मत आता पार बदललंय. मिंडेत तार कुठवर खेचायची हे हाताआधी कानाला कळतं आणि तो कान सतार लावण्यातूनच तयार होतोय. तारही स्वतः चढवतो.

गुरुजींचं वेळापत्रक मात्र बेभरवशाचं, कार्यक्रम आला की तालीम रद्द. परीक्षेतला संगीतशास्त्राचा पेपर तर आपला आपणच बघायचा.

सतार घेण्याआधी गुरू ठरवा. रविशंकरांच्या वळणाची खर्ज-पंचमाची, म्हणजे खालच्या जाड तारा असलेली सतार आणि विलायत खाँसाहेबांच्या गायकी अंगाची, म्हणजे गाण्यासारखं वाजवायची, दोन्हींच्या तारा वेगळ्या लागतात, सतारी बनवणाऱ्या मिरजेत घ्यायला गेलात तरी आधी हेच विचारतील. एवढे पैसे घालून नंतर बदल करत बसणं परवडत नाही.

कॉलेजचं म्हणाल तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या नावातच गुरुकुल आहे, पदवीबरोबर गुरूची तालीम अशी त्यामागची कल्पना, ती मला पटते. पण कुठेही प्रवेश घेताना माझं वाद्य नक्की कोण शिकवणार आणि आठवड्यात मला एकट्याला किती वेळ मिळणार, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी सगळा भर गायनावर असतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मी देणारच आहे, विशारद या परीक्षेपर्यंत तरी, कारण त्यामुळे शास्त्राचं वाचन होतं.

क्लासने उरलेली फी अजून परत दिलेली नाही. पावती जपून ठेवलीय, सोमवारी परत जाणार आहे.