टँकरचं पाणी आणि शॅम्पू बार: इको-फ्रेंडली बाथरूम किट चार महिने वापरून

जानेवारीत एका ऑनलाइन दुकानातून 'प्लास्टिक-फ्री बाथरूम' किट मागवलं, १,४५० रुपयांना. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण सगळा दोष त्यांचा नाही, निम्मा आमच्या पाण्याचा आहे. किटमध्ये शॅम्पू बार, अंगाचा साबण, बांबूचे दोन ब्रश, काचेच्या बरणीत दंतमंजन, तांब्याचा टंग क्लिनर आणि लुफा. आणि हे सगळं आलं कशात तर बबल रॅपमध्ये!! असो.

आधी शॅम्पू बारबद्दल, कारण खरी रड तिथेच आहे. आम्ही वाघोलीला राहतो, आमच्या सोसायटीला बोअर आणि टँकरचं पाणी, नळांवर पांढरे थर बसतात, गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी बदलावी लागते. पहिल्यांदा केस धुतले तेव्हा फेस छान आला, वास पण मस्त, म्हटलं चला जमलं. वाळल्यावर बघते तर केस चिकट पण आणि राठ पण, दोन्ही एकदम, कंगव्याच्या दातांत राखाडी मेणासारखं काहीतरी अडकलेलं. वेबसाइटवर लिहिलंय की केसांना सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मी पाच आठवडे वाट बघितली, ऑफिसला रोज अंबाडा घालून गेले, काही सवय-बिवय झाली नाही.

मग मागचं लेबल नीट वाचलं (जे आधीच करायला हवं होतं 🙈). सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, म्हणजे हा सरळ साबणच आहे, शॅम्पूच्या आकारात कापलेला. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, साबण त्याच्याशी मिळून न विरघळणारा साका करतो, तोच बादलीच्या कडेला बसतो आणि तोच माझ्या केसांत बसत होता. शेवटच्या मगात चमचाभर व्हिनेगर घालून ओतलं तर केस जरा सुटतात, पण रोज सकाळी सॅलडचा वास कोणाला हवाय. यावर उपाय म्हणजे सिंडेट बार (साबण नसलेली, सिंथेटिक डिटर्जंटची वडी), लेबलवर सोडियम कोकोइल आयसेथिओनेट किंवा तसलं काहीतरी बघायचं, त्याचा जड पाण्यात साका होत नाही. आता तोच आणलाय, वेगळ्या ठिकाणाहून, २८० रुपये, माझ्या खांद्यापर्यंतच्या केसांना दोन महिने आरामात पुरतो. तुमच्याकडे नदीचं, धरणाचं मऊ पाणी येत असेल तर तो साबणवाला बार कदाचित छान चालेल, कोकणातल्या माझ्या मावसबहिणीला अर्धी वडी दिली तर ती खूश आहे.

अंगाचा साबण ठीक. वास सौम्य, पण बुळबुळीत होतो, जाळीच्या साबणदाणीत ठेवला नाही तर आठवड्यात खाली चिखल. आणि खरं सांगू का, यासाठी १८० रुपये द्यायची गरज नाही, मैसूर सँडल पुठ्ठ्याच्या डबीत कधीपासून मिळतोय. साबण घेताना फक्त 'टॉयलेट सोप, ग्रेड १' लिहिलंय का बघा, त्यात टीएफएम (म्हणजे साबणातल्या तेल-चरबीच्या अंशाचं प्रमाण) किमान ७६ टक्के लागतो, 'बेदिंग बार' असेल तर ४० टक्क्यांवरही चालतं.

बांबूचे ब्रश चांगले आहेत पण मगात उभे ठेवू नका, आमच्या एकाचं बूड तिसऱ्या आठवड्यात काळं पडलं, बुरशी. दुसरा आडवा ठेवला, तो अजून धड आहे. केस नायलॉनचेच असतात बहुतेक ब्रशचे, त्यामुळे कंपोस्टमध्ये टाकताना ते पकडीने उपटून काढावे लागतात. दंतमंजनात फ्लोराइड नव्हतं, मुलाच्या दातांसाठी मी परत ट्यूबवर आले, याबद्दल मला काही अपराधी वाटत नाही. टंग क्लिनर मात्र एक नंबर, आठवड्यातून एकदा चिंचेने घासला की चकाचक.

आता लुफा. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटा-पालटा केला आणि म्हणाल्या, "अगं, हे घोसाळं आहे. केवढ्याला घेतलंस?" मी म्हटलं किटमध्येच आलंय. सुट्टं कितीला पडतं ते सांगायची हिंमतच झाली नाही. १५० रुपये आहे त्याची किंमत साइटवर. गावाकडे कुंपणावर घोसाळी वाळून काटक होतात, साल काढायचं, बिया झटकायच्या, झाली घासणी. वापरून झाल्यावर उन्हात वाळवावी लागते एवढंच, नाहीतर वास मारते.

किटला पाचातले अडीच. परत घेणार नाही, सुट्टं सुट्टं घेईन. उरलेल्या शॅम्पू बारने नवरा कंगवे धुतो, कंगवे मस्त निघतात. आणि सासूबाईंनी त्या लुफातून निघालेल्या चार बिया गॅलरीतल्या ड्रममध्ये लावल्यात, दोन उगवल्यात, वेल ग्रिलपर्यंत आलाय.