फॅमिकॉमच्या एव्ही मॉडला आरसीए लावावा की साडेतीनचा जॅक

जपानी फॅमिकॉम, म्हणजे निन्टेंडोचं जुनं गेमचं मशीन, हातात आलाय आणि आता तो आपल्या टीव्हीला कसा जोडायचा इथं गाडी अडकलीय, अशांसाठी हे लिहितोय. 1983 चं मशीन, बाहेर येतो तो फक्त आरएफ, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटात जाणारा सिग्नल, आणि तोही जपानच्या 1 आणि 2 नंबर चॅनलवर, म्हणजे 90 ते 102 मेगाहर्ट्झमधे, जिथं आपल्याकडं एफएम रेडिओ लागतो, त्यामुळं आपला टीव्ही कितीही सर्च केला तरी बहुतेक काही सापडत नाही. म्हणून एव्ही मॉड करायचा: पीपीयूच्या, म्हणजे चित्र बनवणाऱ्या चिपच्या, 21 नंबर पिनवरून कंपोझिट (एकाच तारेतून जाणारा व्हिडिओ) काढायचा, पुढं एक ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर. ते सर्किट तुम्ही बघितलंच असणार, त्यात शिरत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे, की हे सिग्नल डब्याबाहेर कुठल्या सॉकेटातून काढायचे.

मी एकाच मशीनवर दोन्ही करून बघितलंय. आधी साडेतीन एमएमचा चार कड्यांचा जॅक (हेडफोनसारखा), साधारण वर्षभर, आणि आता आरसीए, म्हणजे टीव्हीच्या मागं असतात ती पिवळी-पांढरी गोल सॉकेटं.

साडेतीनची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. मशीनच्या मागं चॅनल बदलायचं बटण आहे, आपल्याला त्याचा उपयोग शून्य, ते काढलं की त्याच जागेत हा जॅक बसवता येतो आणि प्लास्टिकला कुठंही ड्रिल लागत नाही. चाळीस वर्षांचं प्लास्टिक आहे, ड्रिल जोरात फिरलं की कडेनं चीर जाते. ज्याला मशीन जसंच्या तसं जपायचंय किंवा पुढं विकायचंय त्यानं हाच जॅक लावावा, मी वाद घालणार नाही. जॅक स्वस्त, केबल एकच, दिसायलाही बाहेरून काही केलंय असं वाटत नाही.

पण जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी बार्शीहून आत्याची पोरं आली. दुपारी सगळे गेम लावून बसायचे असं ठरलं होतं, आणि माझी केबल सापडेना. धाकटा म्हणाला "दादा, शेजारच्या सेटटॉप बॉक्सची आण की, सेमच असती." आणली. दिसायला अगदी सेम, पिवळा पांढरा लाल. लावली तर टीव्हीतून नुसतं घर्रर्र आणि पडद्यावर फाटलेल्या रेघा. पिवळा लालमधे घातला, लाल पांढऱ्यात, सगळे प्रकार झाले, तास गेला, शेवटी पोरं कंटाळून होम मैदानावर पाळण्यात बसायला गेली आणि मी मल्टिमीटर घेऊन केबल तपासत बसलो.

झालं होतं असं, की माझ्या जॅकला ग्राउंड सगळ्यात मुळाशी आणि त्याच्या अलीकडच्या कडीवर व्हिडिओ. त्या केबलीत बरोबर उलटं, अलीकडच्या कडीवर ग्राउंड आणि मुळाशी व्हिडिओ. म्हणजे माझा व्हिडिओ तिन्ही पिनांच्या बाहेरच्या पत्र्यावर जात होता आणि ग्राउंड पिवळ्याच्या मधल्या पिनेत. रंग अदलाबदल करून सुटतं ते फक्त ग्राउंड जागेवर असलं तर. ही रचना सगळ्यांनी एकच पाळलीय असं नाही, रास्पबेरी पाय एका पद्धतीनं, कॅमेऱ्याच्या केबली दुसऱ्या पद्धतीनं, आणि केबलीवर कुठंही लिहिलेलं नसतं. माझ्यासाठी निर्णय त्या दुपारीच झाला. गेम घरात कुणालाही, माझ्याशिवाय, लावता आला पाहिजे ही माझी अट आहे, आणि आरसीएची पिवळी-पांढरी केबल कुणाच्याही घरातून आणा, चालते.

दुसरं एक छोटं कारण, पण आमच्यासारख्यांना लागू. आम्ही पूर्व भागात राहतो, आजूबाजूला यंत्रमाग, सुताची बारीक रुई हवेत असतेच. साडेतीनचं भोक उघडं राहिलं की रुई आत जाऊन बसते आणि मग जॅक जरा हलला की आवाज खरखरतो. आरसीएलाही धूळ बसते पण बोटाला कापड गुंडाळून पुसता येते. तुमच्याकडं ही अडचण नसेलही.

आता आरसीएचे तोटे. भोकं पडतात आणि ती परत बुजत नाहीत. पण इथं एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, फॅमिकॉमचं आरएफ सॉकेट मुळात आरसीएचंच आहे! त्याची मधली तार आरएफ बनवणाऱ्या मॉड्युलेटरपासून सोडवायची आणि तिथं आपला व्हिडिओ द्यायचा, म्हणजे पिवळ्याची जागा आयती. मशीन मोनो आहे, त्यामुळं आवाजाला एकच सॉकेट पुरतं, एकच भोक. मी ते 3 मिमीनं सुरू करून हातानंच हळूहळू वाढवत नेलं. फक्त आरएफची ती सगळी पट्टी (छोटा सर्किट बोर्ड) उपटून फेकू नका, पॉवरचं सॉकेट आणि मशीनला 5 व्होल्ट देणारा 7805 रेग्युलेटर त्याच पट्टीवर आहे.

स्वस्त आरसीए सॉकेटचं प्लास्टिक सोल्डरिंगच्या उष्णतेनं वितळतं आणि मधली पिन वाकडी होते. सोल्डर करताना त्यात एक मेल पिन खुपसून ठेवा, पिन सरळ राहते आणि उष्णता तिकडं जाते. ग्राउंडचा पत्रा आधी पॉलिश पेपरनं घासा, नाहीतर सोल्डर धरत नाही. नट घट्ट करा, कारण सॉकेट फिरलं की आतली तार तुटतेच. आणि केबल लावताना मशीन बंद ठेवा, आरसीएत मधली पिन ग्राउंडच्या आधी टेकते म्हणून टीव्हीत मोठा घूं येतो.

आतल्या वायरिंगला तारा थेट सोल्डर केल्या तर डबा दोनदा उघडला की एक तरी तुटते, माझी तुटलीय. म्हणून मधे काढता-घालता येणारा कनेक्टर हवा. बर्ग पिना निसटतात आणि उलट्याही लागतात. जेएसटी एक्सएच कनेक्टर चांगला, पण त्याच्या पिनांमधलं अंतर 2.5 मिमी. रिलिमेट कनेक्टर 2.54 मिमीचा, झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेल्या तयार बोर्डावर) बरोबर बसतो, उलटा लागत नाही, आणि नवी पेठेत सुटा मिळाला. थोडा उंच आहे तेवढं जागा बघून घ्या. मी चार पिनांचा घेतला आणि क्रम लावला व्हिडिओ, ग्राउंड, ऑडिओ, ग्राउंड. आधी व्हिडिओ-ऑडिओ शेजारी होते तेव्हा पांढरा पडदा आला की आवाजात गुणगुण यायची, मधे ग्राउंड घातल्यावर माझ्या कानाला तरी ती गेली. व्हिडिओला शिल्डची वायर, जमेल तितकी आखूड.

सेगाच्या मेगा ड्राइव्हवाल्यांनी यातलं काही करू नये, तिथं कंपनीनंच डिन (अनेक पिनांचं गोल) सॉकेट दिलंय आणि त्यातून आरजीबीही (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा, जास्त स्वच्छ व्हिडिओ) येतो, नुसती केबल बनवून घ्या. मॉडेल 1 ला त्या सॉकेटातून आवाज मोनो आहे, स्टिरिओ हवा तर पुढच्या हेडफोन जॅकमधून घ्यायचा.

फॅमिकॉमवाल्यांनी मशीन कपाटात ठेवायचं असेल तर साडेतीन, पोरांच्या हातात द्यायचं असेल तर मी आरसीएच लावेन. तो जुना जॅक काढून ठेवलाय, कुणाला हवा असेल तर जोडणीचा कागद चिकटवूनच देईन.