जुन्या पेढीतलं लोखंड: दिवाळी ते पोळा वापरून

या लोखंडाच्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘जि. पूर्व खानदेश’ असंच आहे. जिल्ह्याला जळगाव हे नाव १९६० मध्ये मिळालं, म्हणजे पाटी त्याआधीची. दाराला अटकाव म्हणून ठेवलेलं बिडाचं वजन ५६ पौंडांचं आहे, अर्धा हंड्रेडवेट, आजचे २५.४ किलो. दशमान वजनं १९५८ पासून येऊ लागली तशी ही काट्यावरून उतरली. आता त्यावर वाकड्या पट्ट्या ठोकून सरळ करतात. गादीवर चौथी पिढी बसते, पण इथे जायचं ते मापाड्यासाठी.

“काय जोयजे, जिभाऊ?” एवढं विचारून तो थांबत नाही. जमीन काळी की मुरमाड, बैल की ट्रॅक्टर, पऱ्हाटीची धसकटं वेचली की तशीच आहेत, हे सगळं कळल्यावरच हात मालाकडे जातो. दिवाणजी लिहितो, हमाल भरतो, मागच्या पडवीत लोहाराचा भाता आहे. चौघांपैकी एक जरी नसला तरी फेरी अर्धी वाया जाते, म्हणून बाजाराच्या दिवशी जाऊ नये.

वखराची पास, म्हणजे जमिनीत चालणारं आडवं पातं, घेतली ती १८ इंची, ट्रकच्या पाट्याच्या (कमानी स्प्रिंगच्या) पोलादाची, ८ मिमी जाड, वजनाला २ किलो २०० ग्रॅमच्या आसपास. साध्या पट्टीची पास निम्म्या किमतीत मिळते, पण काळ्या रानात धसकटाला अडली की पोटात वाकते आणि धार दोन दिवसांत गोल होते. पाट्याची पास सहा एकरांच्या दोन पाळ्यांनंतर शेवटून (तापवून, ठोकून पुन्हा धार काढून) आणावी लागली, वाकली मात्र कुठेच नाही.

सगळी करामत पाणी देण्यात, म्हणजे तापवून विझवून धार कडक करण्यात आहे. इथला लोहार धारेची बाजू लालभडक होईपर्यंत तापवतो आणि लोहचुंबक लावून पाहतो. चुंबक चिकटेनासं झालं की फक्त इंचभर धार तेलात बुडवतो. मग विटेच्या तुकड्याने घासून लख्ख करतो आणि मागच्या गरम भागातून धारेकडे सरकणारे रंग पाहत बसतो. आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग जांभळा, मग निळा. जांभळा निळ्यात मिसळायला लागला की पास पुन्हा थंड. पिवळ्यावर थांबवली तर धार कडक राहते, पण दगडाला लागून तुकडा उडतो. निळा पूर्ण उतरू दिला तर मऊ पडते. दुसरी पास घाईत दुसरीकडे शेवटून घेतली, तिथे ती साध्या पाण्यात विझवली. धारेत केसासारखी चीर गेली आणि पहिल्याच बांधावर कोपरा निखळला. पाट्याच्या पोलादाला पाणी सोसत नाही. शेवटायला टाकताना ‘तेलात’ हा एक शब्द सांगून ठेवावा.

गोठ्याच्या टाकीसाठी सळई घेतली. इथे अजून सूत चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत मागितलं की १० मिमी मिळते, चार सूत मागितलं की १२. हिशेबाने तीन सूत ९.५ मिमी आणि चार सूत १२.७ होतात, म्हणून चिठ्ठीवर मिलिमीटरच लिहून घ्यावं. जाडीचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन किलोत निघतं. १२ मीटरची १० मिमी सळई ७.४ किलो, १२ मिमीची १०.६६, ८ मिमीची ४.७४ भरली पाहिजे. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकात वजन १० मिमीपर्यंत ७ टक्के आणि त्यापुढे १६ मिमीपर्यंत ५ टक्के कमीजास्त चालतं. एक सळई तोलून भांडू नये, दहा एकदम तोलाव्यात. आमच्या दहा (१० मिमी) ७३ किलो भरल्या, म्हणजे दीड टक्का कमी. तक्रार नाही. मधोमध दुमडून आलेल्या सळईची लांबी मात्र मोजावीच.

छपराच्या पत्र्यात दोष आमच्याकडून अर्धा, दुकानाचा अर्धा. २४ नंबर म्हणजे ०.५६ मिमी. नंबर वाढला की पत्रा पातळ होतो, हे उलटं गणित नव्या गिऱ्हाइकाला हमखास फसवतं. मापाड्याने बजावलं होतं की भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडा, खोलगटात नको, बाजूची चढ (एक पत्रा दुसऱ्यावर येतो तो भाग) दीड पन्हळ ठेवा आणि वळचणीला ‘J’ आकाराचे हुक दाट लावा. मिस्त्रीने वळचणीचे चार हुक वाचवले. जूनच्या वादळात तोच कोपरा उचलला गेला, कारण वारा कडेखालून शिरतो आणि ओढ तिथेच सगळ्यात जास्त असते. दुकानाचा दोष वॉशरचा. डांबरी वॉशर मागितले असताना पातळ रबरी दिले. एप्रिल-मेच्या उन्हात ते तडकले आणि पहिल्या पावसात भोकाभोकातून थेंब पडू लागले. सांगितल्यावर बदलून दिले, पण वर चढायची मजुरी आमचीच.

हमाली बिलात वेगळी लावतात. ती घासाघीस करून कापू नये. १२ मीटरची सळई वाकू न देता टेम्पोवर चढवणं हे दोघांचं, तालावर करायचं काम आहे. पक्कं बिल मात्र आधीच मागावं, नंतर दिवाणजीची वही बंद होते.

सगळ्यात कच्चा माल दांड्यांचा. लोखंड इतकं नीट निवडणारं दुकान कुदळीत ओली लाकडं का ठोकतं, कळत नाही. महिनाभरात दांडा आटतो आणि डोकं हलतं. पाण्यात भिजवून फुगवलं तर दोन दिवस घट्ट, वाळलं की पुन्हा सैल. नुसती कुदळ घ्यावी, सावलीत वाळलेला बाभळीचा दांडा सुताराकडून घ्यावा आणि शेंड्याला चीर देऊन कोरडी पाचर मारावी. ती जानेवारीपासून हललेली नाही.