दोन टर्नटेबलं आणि एक पेनड्राइव्ह: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

डीजेचं काम विनाइलवर (रेकॉर्डवर) करायचं की डिजिटलवर, हा प्रश्न. जोडणी आधी सांगून टाकू. एका बाजूला टेक्निक्स एसएल-१२०० एमके७ टर्नटेबलं दोन, कॉनकॉर्ड घाटाच्या कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), दोन चॅनेलचा मिक्सर आणि सेरॅटो या डीजे सॉफ्टवेअरच्या टाइमकोड तबकड्या (यांवरून संगणकातलं गाणं चालवता येतं). दुसऱ्या बाजूला सीडीजे-३००० या डिजिटल प्लेयरची जोडी आणि रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमधून भरलेले पेनड्राइव्ह. संगीत बहुतेक हाउस आणि टेक्नो, १२२ ते १३४ बीपीएम (मिनिटाला ठोके). विनाइलचा आवाज 'उबदार' की नाही, या वादावर रात्री घालवणारे भरपूर आहेत, तो त्यांच्याकडेच राहू दे. वापरात जाणवतो तो फरक मेहनतीचा. विनाइल मेहनत टेबलापाशी करून घेतं, डिजिटल आदल्या रात्री घरी.

सुईवरचं वजन अंदाजाने लावू नका. अँटी-स्केटिंग (सुईला आत ओढलं जाण्यापासून रोखणारा खटका) शून्यावर ठेवून टोनआर्म (सुईचा दांडा) हवेत आडवा तरंगेपर्यंत काउंटरवेट (दांड्यामागचं वजन) फिरवा, मग फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा आणि अख्खं काउंटरवेट कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या आकड्यापर्यंत फिरवा. डीजे कार्ट्रिजला तो बहुधा ३ ग्रॅमच्या आसपास असतो. साधं हेडशेल (कार्ट्रिज बसवायचा सुटा तुकडा) वापरत असाल तर मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंतचं अंतर ५२ मिमी हवं. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जास्त टिकते, हा समज उलटा आहे. हलकी सुई किकवर (ड्रमच्या जड ठोक्यावर) उसळते, खाचेच्या भिंतींवर आपटते आणि चार-पाच वेळा वाजवल्यावर हाय-हॅट (झांजेचा आवाज) खरखरायला लागते. सारखी ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर आधी अर्थची वायर मिक्सरच्या स्क्रूला घट्ट लावा. तरी थांबत नसेल तर भिंतीतल्या सॉकेटची तिसरी पिन तपासून घ्या. जुन्या इमारतींत ती कित्येकदा नावालाच असते.

खरी डोकेदुखी बासची. स्पीकरचा हादरा टेबलातून सुईपर्यंत पोचतो, सुई तोच पुन्हा वाचते, मिक्सर तो पुन्हा स्पीकरला देतो, आणि जाड घुमणारा आवाज आपोआप चढत जातो. कार्यक्रमाआधी हे तपासता येतं. तबकडी बंद, सुई खाचेत, चॅनेलचा फेडर पूर्ण वर, आणि मास्टर (एकूण आवाजाचं बटण) हळूहळू वाढवायचा. घुमायला लागतं ती तुमची हद्द, आणि काम तिच्या बरंच खाली करायचं. आतून पोकळ लाकडी स्टेज असेल तर ही हद्द फारच लवकर येते. स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे कडप्पा. फरशीवाल्याकडून २० बाय १६ इंचांचा पाऊण इंची तुकडा कापून घ्या (वजन दहा किलोच्या आसपास भरतं), त्याखाली टेनिसचे चेंडू अर्धे कापून पालथे ठेवा, वर टर्नटेबल. सबवूफर त्याच स्टेजवर असेल तर मात्र कडप्पाही हात टेकतो, आधी सब खाली जमिनीवर उतरवा. सीडीजेला यातलं काहीच लागत नाही, आणि मोठ्या आवाजाच्या जागी विनाइल मागे पडतं त्याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण बीट सरकण्याचं. दोन तबकड्यांच्या वेगात ०.१ टक्का फरक राहिला तर मिनिटाला ६० मिलिसेकंद सरकतात. १२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा, म्हणजे मिनिटभरातच दोन किक वेगवेगळ्या ऐकू येतात. त्यात रेकॉर्डचं भोक मध्यापासून १ मिमी हललेलं असेल तर वाजणाऱ्या पट्ट्याच्या मध्यावर वेग दर फेरीला सुमारे एक टक्का वर-खाली होतो. पॅडचा (मागे वाजणाऱ्या सिंथचा) लांब सूर लाटेसारखा हलला की भोक बघा, मोटरला दोष देऊ नका. वापरलेली रेकॉर्ड घेताना ओरखडे सगळेच बघतात, भोक कुणी बघत नाही. एका विक्रेत्याकडून जवळपास नवी म्हणून आलेली तबकडी दिसायला चकचकीत होती, पण लेबल चक्क लंबगोल फिरत होतं.

बारा इंची सिंगल ४५ आरपीएमवर (मिनिटाला ४५ फेरे) घ्या, एका बाजूला एकच गाणं असलेली मिळाली तर उत्तम. ३३ वर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. वरचे सूर तिथे चेपले जातात, म्हणून चार गाण्यांच्या ईपीतलं (छोट्या संग्रहातलं) आतलं गाणं नेहमी थोडं मळकट वाजतं.

टाइमकोडच्या खाचेत गाणं नसतं, १ किलोहर्ट्झची शीळ असते. सॉफ्टवेअरमध्ये तिचं वर्तुळ गोल दिसलं पाहिजे. वर्तुळाची रेघ झाली तर एक चॅनेल गेला, आणि दहातल्या नऊ वेळा दोष टोनआर्मच्या टोकाच्या चार पिनांवरच्या मळाचा असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला की रेघेचं वर्तुळ होतं. रिलेटिव्ह मोड (यात सुईची जागा नव्हे, फक्त वेग आणि दिशा मोजली जाते) लावून ठेवा, सुई उडाली तरी गाणं उडत नाही.

आता डिजिटलची बाजू. इथे घात होतो तो फाइलमुळे. गाणं संगणकावर छान वाजतं आणि क्लबमधल्या जुन्या सीडीजेवर ई-८३०५ ही चूक झळकते. फाइल त्या यंत्राला न चालणाऱ्या ३२ बिट फ्लोट प्रकारची असते किंवा वाव्हचं हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) त्याला कळत नाही. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधून १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ एआयएफएफ करून घ्या, त्या प्रकारच्या फाइलीत नाव आणि चित्रही ठेवता येतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, नवीन यंत्रावर एक्सफॅट चालतं म्हणून तेच ठेवलं तर जुन्या यंत्रावर फजिती ठरलेली. फाइली नुसत्या कॉपी करू नका, रेकॉर्डबॉक्समधून एक्सपोर्ट करा. स्टॉपचं बटण न दाबता ड्राइव्ह उपटला तर डेटाबेस बिघडू शकतो, तेव्हा हुबेहूब दुसरा ड्राइव्ह खिशात हवाच. कुठून तरी मिळालेली 'वाव्ह' आधी स्पेक्ट्रममध्ये (सूर किती उंचीपर्यंत जातात ते दाखवणाऱ्या आलेखात) बघा. १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी थांबत असेल तर ती १२८ केबीपीएसची एमपी३ आहे, नाव बदललेली.

गोव्यात रेकॉर्ड की दुसरं काही, हा वाद कधीच निकालात निघाला होता. हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावर धूळ, ऊन आणि खारी हवा, तिथे रेकॉर्ड कोण नेणार? ऐंशीच्या दशकात कॅसेट, पुढे डॅट (डिजिटल टेप). तिथल्या पार्ट्यांचे नामवंत डीजे गोवा गिल यांनी तर सगळे सीडीवर गेल्यावरही डॅट सोडली नाही. डॅटच्या यंत्रांना सहसा पिच (वेग कमी-जास्त करायची सोय) नव्हतं, म्हणून एका गाण्याच्या लांब शेवटावर दुसऱ्याची लांब सुरुवात चढवायची.

पावसाळ्यात कोकणपट्टीत रेकॉर्डचं काम वाढतं. कागदी आतली पिशवी ओल धरते आणि खाचेत पांढरी बुरशी बसते. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पिशव्या, उभी मांडणी, कपाटात सिलिका जेल. प्रवासाला साठ रेकॉर्ड म्हणजे बारा-चौदा किलो, आणि विमानात हाताशी सात किलो. त्यामुळे डिजिटलमध्ये न मिळणाऱ्या तबकड्या आता २४ बिटवर, शिखर उणे ६ डेसिबलच्या आत ठेवून उतरवून घेतो आणि मूळ रेकॉर्ड घरीच राहते.