फायटर जेटचे अ‍ॅड-ऑन : विमान जेवढं जुनं तेवढं जास्त खरं

घरच्या सिम्युलेटरसाठी फायटर जेट घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, रिअलिस्टिक आहे का? याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण एकाच मॉड्यूलमध्ये, म्हणजे सिमसाठी वेगळ्या घ्यायच्या विमानाच्या अ‍ॅड-ऑनमध्ये, कॉकपिट अगदी तंतोतंत, उडणं बऱ्यापैकी खरं आणि रडार मात्र बरंचसं अंदाजावर असं असू शकतं. डीसीएस (लढाऊ विमानांचं सिम), मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि फाल्कन बीएमएस (एफ-१६ चं लढाऊ सिम) हे तिन्ही भरपूर उडवून झालंय आणि त्यावरून माझं एक पक्कं मत झालंय की खरेपणा हवा असेल तर जुनं विमान घ्या.

टॉमकॅट, म्हणजे एफ-१४, अमेरिकन नेव्हीने २००६ मध्येच निवृत्त केलं आणि एफ-४ फँटम तर त्याच्याही आधीच्या पिढीचं. त्यांची मॅन्युअल्स, परफॉर्मन्स चार्ट आता कुणालाही वाचायला मिळतात, ती उडवलेली माणसं मोकळेपणाने बोलतात, त्यामुळे बनवणाऱ्याला अंदाज कमी करावे लागतात आणि ते उडवताना कळतं. डीसीएससाठी हीटब्लर या कंपनीने बनवलेली एफ-४ई घ्या. सरळ उडवताना जड पण समजूतदार विमान वाटतं, पण वेग कमी करून नाक वर खेचलं, अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) वाढला आणि मग सवयीने स्टिक उजवीकडे नेली की विमान रोल व्हायच्या ऐवजी नाक डावीकडे जायला लागतं आणि अजून रेटलं तर सरळ हातातून सुटतं. खऱ्या फँटमचा हा प्रसिद्ध स्वभाव, अ‍ॅडव्हर्स यॉ, म्हणजे नाक उलट्या बाजूला वळणं. तिथे स्टिक मध्ये धरून रडरने रोल करायचा असतो आणि हे एकदा पायात बसलं की फँटमचे पायलट त्या विमानाबद्दल एवढ्या आदराने का बोलतात ते समजतं.

टॉमकॅटचंही तसंच. ए मॉडेलची टीएफ-३० इंजिनं नाजूक, अँगल ऑफ अटॅक जास्त असताना थ्रॉटल दाणकन पुढेमागे केला तर कंप्रेसर स्टॉल येतो, म्हणजे इंजिनातला हवेचा प्रवाह बिघडून ताकद जाते, दोन इंजिनं एकमेकांपासून बरीच लांब बसवलेली असल्यामुळे एक गेलं की विमान त्या बाजूला वळायला लागतं आणि वेळेत आवरलं नाही तर फ्लॅट स्पिन, म्हणजे विमान आडवंच गरगरत खाली येतं. हे सगळं मॉड्यूलमध्ये आहे. मागच्या सीटवर जेस्टर नावाचा एआय बसतो, रडार सांभाळतो, बोलतो, आणि तो माणसाची जागा पूर्ण घेत नसला तरी दोन सीटचं विमान एकट्याने उडवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

आता हॉर्नेट. डीसीएसची एफ/ए-१८सी ही साधारण २००५ च्या सुमाराची नेव्हीची हॉर्नेट आहे आणि शिकण्यासाठी मला हीच सगळ्यात आवडते, मुख्य म्हणजे कॅरिअर लँडिंगसाठी. चाकं आणि फ्लॅप खाली आले की ट्रिमने (स्टिकवर दाब न देता नाक एका जागी ठेवणारं बटण) अँगल ऑफ अटॅक धरून ठेवायचा, ८.१ डिग्री, आणि मग उतार सांभाळायचा तो थ्रॉटलने, स्टिकने नाही. हात एक सेकंदही स्थिर राहत नाही, थोडी पॉवर वाढव, थोडी कमी कर, परत वाढव, नजर मीटबॉल (उतार बरोबर आहे का ते दाखवणारा जहाजावरचा दिवा), लाइनअप (धावपट्टीच्या रेषेत असणं), अँगल ऑफ अटॅक, परत मीटबॉल. हा जो डोक्याचा आणि हाताचा व्यायाम आहे ना, तो घरी खरोखर होतो, त्यात काही नकली नाही. एफ-१६ मध्ये कोल्ड अँड डार्क, म्हणजे सगळं बंद असलेल्या विमानापासून, सुरुवात केली तर आयएनएसची (विमान कुठे आहे ते स्वतः ओळखणाऱ्या यंत्रणेची) नॉर्मल अलाइनमेंट व्हायला सुमारे ८ मिनिटं थांबावं लागतं. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं, मला तोच भाग फार आवडतो, तेवढ्या वेळात बाकीचं कॉकपिट लावून होतं.

पण स्टिकचं काय, हा प्रश्न कुठलाच अ‍ॅड-ऑन एकट्याने सोडवू शकत नाही. खऱ्या एफ-१६ ची स्टिक जवळजवळ हलतच नाही, हाताचा दाब मोजते. घरची स्प्रिंगवाली जॉयस्टिक चांगली हातभर फिरते, त्यामुळे कॉम्प्युटरला तोच हुकूम गेला तरी हाताला तो वेगळाच लागतो. फँटमसारख्या विमानात तर फरक अजून मोठा, तिथे वेग आणि जी (वळणात शरीरावर आणि विमानावर येणारा भार, गुरुत्वाच्या पटीत) वाढला की स्टिक जड होत जाते आणि ट्रिम केलं की स्टिकची मधली जागाच सरकते, आणि आपली स्प्रिंग मात्र कितीही वेगात तेवढीच आणि ट्रिम केल्यावर परत मध्येच येणार. म्हणून ज्यांच्याकडे फोर्स फीडबॅक (मोटरने हाताला खरा दाब देणारी) स्टिक आहे त्यांना फँटम वेगळंच विमान वाटतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी निदान कर्व्ह (स्टिक किती हलवली की विमानाला किती हुकूम जाणार याची सेटिंग) नीट लावावेत, वेळ द्यावा, लगेच फ्लाइट मॉडेलला शिव्या देऊ नयेत.

आणि शरीर. याला तर घरी काही उपायच नाही. ७ जी च्या वळणात डोकं आणि हेल्मेट मिळून जे ६-७ किलोचं वजन आहे ते ४५ किलोच्या आसपास होतं, त्या वजनासकट मान मागे वळवून शत्रू कुठे आहे ते बघायचं, पाय-पोट आवळून श्वास सांभाळायचा आणि त्याच वेळी विचारही करायचा. आपण खुर्चीत बसून हेड ट्रॅकिंगवर (डोकं वळवलं की स्क्रीनवरचं दृश्य वळवणारं यंत्र) मान थोडीशी वळवली की स्क्रीनवर थेट शेपटीमागचं दिसतं. सिममध्ये डोळ्यापुढे अंधारी येते, ब्लॅकआउट होतो, हे चांगलंच केलंय, पण दमणूक येत नाही, त्यामुळे घरचे डॉगफाइट (विमानांची जवळची लढाई) खऱ्यापेक्षा लांबतात आणि लोक सतत कमाल जी खेचत राहतात. विमान खाली बसतंय हे बुडाखाली जाणवणं तर अजिबात नाही, फक्त डोळ्यांवर चालायचं. व्हीआरने अंतराचा अंदाज खूप सुधारतो, विशेषतः फॉर्मेशन आणि हवेत इंधन भरताना, ते मात्र करून बघाच. लांबचं विमान दिसण्याचंही असंच, कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर तो ठिपका उलट मोठा दिसतो, म्हणजे तुम्हाला शत्रू किती लांबून दिसणार हे डोळ्यांपेक्षा मॉनिटरवर ठरतं.

सगळ्यात सावध राहायचं ते रडार आणि इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर (शत्रूचं रडार फसवणं, बिघडवणं) याबाबत. मूळ तत्त्वं छान आहेत, डॉपलर रडारसमोर आडवं उडलं की लॉक, म्हणजे रडारची पकड, तुटतो, खाली जमीन असेल तर अजूनच, आणि हे शिकून खूप फायदा होतो. पण नवीन विमानाचं रडार जॅमिंगमध्ये नक्की किती टिकतं, क्षेपणास्त्राचा सीकर (लक्ष्य शोधणारा भाग) कशाने फसतो, हे गुप्त आहे आणि गुप्तच राहणार, त्यामुळे गेममध्ये दिसतं ते अभ्यासपूर्ण अनुमान. म्हणूनच २०२५ च्या सुरुवातीला डीसीएससाठी एफ-३५ जाहीर झालं तेव्हा इतका वाद झाला. ज्या विमानाची ताकदच सेन्सर आणि स्टेल्थ (रडारला सहज न दिसणं) आहे, त्याचं नेमकं तेच झाकलेलं आहे. घ्यायचं तर हे समजून घ्या. शिवाय एआय शत्रू तुमच्यासारख्या पूर्ण फ्लाइट मॉडेलवर उडत नाही, वळणात तुमचा वेग जसा जातो तसा त्याचा जात नाही, त्यामुळे एआयशी हरलात म्हणून तुमचं चुकलंच असं समजू नका.

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये शस्त्रं चालतच नाहीत, पंखाखाली लटकलेली क्षेपणास्त्रं म्हणजे वजन आणि ड्रॅग. मग फायटर कशाला? तर जमिनीसाठी. वेल्समधल्या माख लूपच्या दऱ्यांतून खालून जेट काढायची मजा तिथे आहे, खरा डोंगर, खरं तळं, खरा रस्ता. हॉकसारखं ट्रेनर जेट त्यासाठी मस्त. लढाई हवी असेल तर तिकडे जाऊच नका.

फाल्कन बीएमएसबद्दल थोडक्यात, १९९८ च्या फाल्कन ४.० वर उभं आहे, दिसायला डीसीएसएवढं देखणं नाही, पण त्याची डायनॅमिक कँपेन (आपोआप घडत जाणारं युद्ध) अजूनही कुणाला जमलेली नाही. तुम्ही उडा नाहीतर झोपा, युद्ध चालूच राहतं, आणि एफ-१६ च्या पायलटचं काम खरंच कसं असतं, म्हणजे प्लॅन, टँकर, पॅकेजमधल्या, म्हणजे एका मोहिमेत एकत्र जाणाऱ्या विमानांतल्या, बाकीच्यांची वेळ पाळणं, हे तिथेच कळतं.

डीसीएसच्या स्टँडअलोन आवृत्तीत बऱ्याच मॉड्यूलची १४ दिवसांची फ्री ट्रायल मिळते, ती घ्याच. पण त्या दिवसांत बॉम्ब टाकत बसू नका. १५ हजार फुटांवर जा, थ्रॉटल मागे घ्या, नाक वर धरा आणि विमान सुटेपर्यंत हळूहळू खेचत राहा, मग जड लोड (बॉम्ब, इंधनाच्या टाक्या) लावून परत तेच करा, मग पाच-सहा लँडिंग करा. लोड असतानाही आणि नसतानाही विमान सारखंच वागलं तर आतलं मॉडेल कच्चं आहे, स्क्रीनशॉट कितीही सुंदर असोत, सोडून द्या.