‘फक्त ६१ हजार चाललेली’ गाडी

दोन जुन्या, वापरलेल्या गाड्या बघितल्या होत्या. मॉडेल तेच, डिझेल इंजिन तेच, वयात एका वर्षाचा फरक. पहिली सात वर्षांची, मीटरवर १,७४,००० किलोमीटर. दुसरी आठ वर्षांची, मीटरवर ६१,४००. मी दुसरी घेतली. पुढे काय झालं असेल ते बऱ्याच जणांच्या इथेच लक्षात आलं असेल. तरी सविस्तर लिहितोय, कारण मला फसवायला ती विकणाऱ्या एजंटला फार कष्ट पडले नाहीत. अर्धं काम मीच करून ठेवलं होतं.

पहिल्या गाडीचा मालक स्वतः विकत होता. रोज हायवेने जाऊन-येऊन नोकरी करणारा माणूस. गाडी दाखवायच्या आधी त्याने एक जाडजूड फाइल पुढे केली. बिलं तारखेप्रमाणे लावलेली. ऑइल दर दहा हजारांना, टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवणारा पट्टा) ८८,००० ला, क्लच प्लेट १,३१,००० ला, पुढचे शॉकअब्सॉर्बर त्यानंतर लगेच. ‘बेल्ट पुन्हा थोड्याच दिवसांत करावा लागेल, तेवढे किमतीतून कमी करतो,’ हेही त्यानेच सांगितलं. मला वाटलं, एवढं काम निघालंय म्हणजे गाडी थकली. बायको ती फाइल मन लावून वाचत होती आणि मी मीटरकडे बघत होतो. निघताना म्हणालो, ‘गाडी चांगली आहे हो, पण जरा जास्तच चालली आहे.’ तो हसला. त्याला हे वाक्य पाठ झालं असावं.

आता कळतं की हायवेवर पळालेले पावणेदोन लाख किलोमीटर आणि गल्लीबोळात काढलेले साठ हजार यांची तुलना नुसत्या आकड्याने होतच नाही. हायवेवर इंजिन एकदा तापलं की तासभर त्याच तापमानात, एका लयीत चालतं. क्लच कमी दाबला जातो, ब्रेक कमी लागतो. उलट रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं इंजिन धड तापायच्या आत बंद होतं. आतली वाफ आणि न जळालेलं इंधन ऑइलमध्ये मिसळत राहतं आणि ते ऑइल लवकर खराब होतं. शिवाय महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीची रबरं कडक होतात, बॅटरी जाते, टायर एका जागी दबतात. हे सगळं मी तेव्हाही कुठेतरी वाचलेलं होतं. पण दोन लाखांच्या जवळ गेलेला आकडा दिसला की पोटात गोळा यायचा, आणि वाचलेलं तिथेच संपायचं.

दुसरी गाडी एजंटकडे होती. ‘साहेब, सिंगल ओनर. मालक वर्षातले आठ महिने बाहेरगावी. गाडी नुसती उभी.’ आठ वर्षांत ६१ हजार, म्हणजे वर्षाला पावणेआठ हजारांच्या आसपास. घरच्या वापराच्या गाडीला दहा ते पंधरा हजार सहज होतात. त्या मानाने कमी, पण अशक्य नाही. आकडा कसा निवडावा हे त्या माणसाला कळत होतं. वीस हजार दाखवले असते तर मलाही शंका आली असती.

मी गेलो तेव्हा गाडी धुऊन पुसून उभी होती आणि इंजिन चालू होतं. ‘तुमच्यासाठी एसी लावून ठेवलाय.’ मला त्या अगत्याचं कौतुक वाटलं. तापलेलं इंजिन खूप काही लपवतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना किती वेळ स्टार्टर मारावा लागतो, पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो, कसला खडखडाट ऐकू येतो, यातलं काहीच मला बघता आलं नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. हे मला माहीत होतं, पण एसीच्या गारव्यात बसून विचारायचं राहून गेलं.

ब्रेक आणि क्लचच्या पॅडलवरची रबरं कोरी होती. स्टिअरिंगवर नवं शिवलेलं कव्हर. सीट कव्हरही नवीन. ‘तुमच्यासाठी सगळं नवीन टाकलंय साहेब.’ साठ हजारांत पॅडलचं रबर बदलायची वेळ सहसा येत नाही. ते गुळगुळीत झालं असणार म्हणूनच बदललं. कव्हरच्या आत स्टिअरिंग काचेसारखं चकाकत होतं आणि सीटची, आपण चढता-उतरताना घासतो ती कड बसलेली होती. हे मी घरी आल्यावर पाहिलं, तेही चार महिन्यांनी, कव्हर उसवलं म्हणून.

समोरची काच मात्र कोणी बदलली नव्हती. संध्याकाळी ऊन समोरून आलं की तिच्यावर सुईने टोचल्यासारखे शेकडो ठिपके चमकायचे. वाळू आणि बारीक खडे वर्षानुवर्षं वेगाने आदळले की काच अशी होते. उभ्या गाडीची होत नाही. मी ती दोन वेळा शाम्पूने धुतली.

आणि सर्व्हिस बुक. आठ वर्षांच्या नोंदी, सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, शिक्का प्रत्येक वेळी तितकाच ठळक. एकाही पानाला ऑइलचा डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. मी ते चाळलं आणि मालक किती टापटिपीचा आहे असं मनात म्हटलं. पहिल्या माणसाच्या फाइलमधली बिलं चुरगळलेली होती, एकावर तर चहाच्या कपाचा गोल उमटला होता. खरा कागद असा दिसतो.

ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवायची होती. एजंट म्हणाला, ‘आणा की, पण संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, ती टोकन देऊन जाईल. मग मला बोलू नका.’ बायको हळूच म्हणाली, ‘अहो, ती फाइलवाली गाडी परत एकदा बघूया का?’ मी टोकन दिलं.

सात महिने गाडी झकास चालली. याचं मला अजून नवल वाटतं. या मॉडेलला टायमिंग बेल्ट दर ९०,००० ला बदलायचा असतो. माझ्या मीटरवर ६५, मग ६७ हजार. मी निवांत होतो, बेल्टला अजून दोन वर्षं आहेत. मीटर मागे घेतलेल्या, म्हणजे आकडा कमी करून ठेवलेल्या गाडीत खरा दगा इथे होतो. न चाललेल्या किलोमीटरचे जादा पैसे जातातच, वर पुढची सगळी देखभाल आपण त्या खोट्या आकड्यावर बेततो.

मीटर ६८,२०० असताना, चढावर, इंजिन एकदम गप्प झालं. ना आचका, ना धूर. परत स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, शिट्टी वाजल्यासारखं गरगर फिरलं आणि पकडेचना. फोनवरून तो आवाज ऐकूनच मिस्त्री म्हणाले, ‘आता चावी फिरवू नका, बेल्ट गेलाय.’ बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जागच्या जागी थांबतात आणि खालून पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळतात. इंजिनचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं तेव्हा आठ व्हॉल्व्ह वाकले होते. दुरुस्तीला गाडीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

मिस्त्रींनी बेल्टवरचं प्लास्टिकचं झाकण काढलं, उलटं केलं आणि न बोलता माझ्या हातात दिलं. आतल्या बाजूला, तेलकट काळ्या थराखाली, मार्करने लिहिलं होतं: ‘बेल्ट १,०२,०००’. खाली तारीख. मी गाडी घ्यायच्या चार वर्षं आधीची. कोणा कारागिराने पुढच्या कारागिरासाठी लिहिलेल्या दोन ओळी. मीटर खोटं करणाऱ्याचा हात तिथवर पोचला नव्हता.

मग त्यांनी गाडीतल्या कॉम्प्युटरच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला. काही गाड्यांमध्ये बिघाडाचा कोड साठवला जातो तेव्हा त्यावेळचं किलोमीटरही सोबत नोंदलं जातं. सगळ्या गाड्यांत नसतं, माझ्या नशिबाने होतं. एका जुन्या, बंद झालेल्या कोडसमोर १,९८,००० होतं. म्हणजे मी टोकन दिलं तेव्हाच गाडी निदान एवढी चालली होती आणि १,०२,००० ला टाकलेला, ९० हजार किलोमीटरनंतर बदलायचा तो बेल्ट ९६ हजार घासून झाला होता. मी त्यावर आणखी ६,८०० चालवली.

मीटर मागे घेणं आता किती सोपं आहे तेही त्यांनीच सांगितलं. जुन्या, आकड्यांच्या चाकांच्या मीटरमध्ये छेडछाड केली की आकडे थोडे वरखाली, वाकडे दिसायचे. डिजिटल मीटरमध्ये आकडा चिपमध्ये असतो. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला यंत्र जोडलं किंवा मीटर उघडून चिप नव्याने लिहिली की काम काही मिनिटांचं, आणि बाहेरून कसलीही खूण नाही. म्हणून मीटर सोडून बाकी सगळं बघायचं. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. विम्याचे जुने कागद, बिलं, प्रदूषण तपासणीच्या पावत्या, जिथे जिथे किलोमीटर लिहिलेलं सापडेल ते तारखेशेजारी मांडायचं. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायचं. भकाभका धूर येत असेल तर पिस्टन रिंग गेल्या. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा चॅसिस नंबर देऊन जुन्या नोंदी दाखवता का असं विचारायचं. बऱ्याच ठिकाणी मालकाची संमती लागते. खरा मालक ती देतो. जो दहा कारणं सांगतो, त्याच्याकडून उठायचं.

एजंटकडे गेलो होतो, अर्थातच. त्याने आवाजही चढवला नाही. विक्रीच्या कागदाची प्रत काढली आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं: गाडी आहे त्या स्थितीत, मीटर रीडिंगची हमी विक्रेत्यावर नाही. खाली माझी सही. ‘साहेब, मला जशी आली तशी मी दिली.’ झाकणाचा फोटो दाखवला तर म्हणाला, ‘झाकण दुसऱ्या गाडीचं असेल.’ स्कॅनरच्या कागदाकडे त्याने बघितलंच नाही. त्याच्याकडे त्या दिवशी चार गाड्या उभ्या होत्या. चारही साठ ते सत्तर हजारांच्या मधल्या.

फाइलवाल्या माणसाला फोन केला होता. गाडी दुसऱ्याच आठवड्यात गेली, म्हणाला. घेणारा टॅक्सी चालवतो.

इंजिन बांधून झाल्यावर मी मीटरच्या काचेखाली पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं: ‘+१,३६,६००, निदान’. आता गाडी विकायला काढली आहे. पहिल्या तिघांनी फोनवर ‘रनिंग किती?’ विचारलं, मी सगळी हकीकत सांगितली, तिघांनीही ‘बघतो, कळवतो’ म्हणून फोन ठेवला. त्यातला एक तर म्हणाला, मीटरवर ६८ दिसतंय ना, मग हे सगळं कशाला सांगत बसता?

चौथ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘बेल्ट आणि हेडच्या कामाचं बिल आहे?’

‘आहे.’

‘रविवारी सकाळी सातला येतो, मिस्त्रीला घेऊन. आणि एक करा, आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका.’